वाकड्या पायांचं पाखरू

कोल्हापूरला माझी बदली झाली ती १९९३ च्या दिवाळीनंतर. बिऱ्हाड लागायच्या आतच शेजाऱ्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. तांबडा रस्सा घरी करायच्या फंदात पडू नका, आणि पेठांतल्या फुटबॉलविषयी बोलण्याआधी समोरच्याची तालीम कोणती ते विचारून घ्या. पहिली सूचना आमच्या सौ.ने मनावर घेतली नाही, दुसरी मी घेतली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं मला कुस्तीच्या आखाड्यांची वाटत होती. या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांवरून इथं घराघरांत अबोला होतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

आमच्या शाखेत एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर पेन्शनसाठी येत. एका रविवारी ते मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. मैदानात एक पोरगा होता, विशीचा असेल, पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले. मी बँकेतला माणूस. माझ्या तोंडून सहज निघून गेलं की, या मुलाला संघात घ्यायला नको होतं, हा केव्हाही मोडून पडेल. मास्तर माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी एक नाव उच्चारलं. गारिंचा. मी ते खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं, शेअर दलालाचा फोन नंबर लिहावा तसं. त्या पोराचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही, पण ते नाव काही मला सोडून गेलं नाही. निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला तेव्हा मिळेल ते वाचलं, जुन्या सामन्यांच्या फिती पाहिल्या. आज त्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. फुटबॉल कळत नसेल तरी बिघडत नाही. मलाही फारसा कळत नाही.

ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो शहरापासून काही अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी पाउ ग्रांदे नावाचं गाव आहे. गाव कसलं, कापडगिरणीची वसाहतच. घरं गिरणीची, दुकान गिरणीचं, फुटबॉलचं मैदानसुद्धा गिरणीचं. आपल्याकडे गिरणगावात वाढलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. तिथं २८ ऑक्टोबर १९३३ रोजी मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हा मुलगा जन्मला. बाप आमारो गिरणीत पहारेकरी. पोराचे पाय जन्मतःच वाकडे होते. एक आत वळलेला, दुसरा बाहेर, म्हणजे दोन्ही पाय एकाच बाजूला झुकलेले, वाऱ्यानं ज्वारीची दोन ताटं कलावीत तसे. शिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर आखूड. पाठीचा कणाही सरळ नाही. अंगानं एवढासा, म्हणून थोरल्या बहिणीनं त्याला गारिंचा म्हणायला सुरुवात केली. गारिंचा हे तिकडचं एक लहानसं तपकिरी पाखरू. पोरगं स्वतः दिवसभर गलोल घेऊन पाखरांच्या मागे रानात भटकायचं, त्यामुळे नाव चिकटलं ते कायमचं.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामगार म्हणून त्याची ख्याती काय, तर कापसाच्या ढिगावर झोप काढणारा. कामचुकारपणापायी त्याला काढून टाकलं, आणि गिरणीच्या संघाला तो हवा होता म्हणून परत घेतलं, अशी हकीकत सांगतात. आपल्याकडेही बँका, रेल्वे, विमा कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. आमच्याच बँकेत एक कबड्डीपटू होता. त्याला लेजर कधी जुळवता आलं नाही, पण त्याच्याविरुद्ध मेमो काढायची कुणाची छाती नव्हती.

गारिंचाला मोठ्या क्लबात जायची घाईच नव्हती. लोकांनी ढकलून पाठवलं तेव्हा गेला. वास्को द गामा या क्लबात गेला, तर सोबत बूट नेलेले नव्हते. तिथून परत. (आपल्या गोव्यातही याच नावाचं गाव आणि त्याचा फुटबॉल क्लब आहे. पोर्तुगीज जिथं जिथं गेले तिथं देव आणि पाव मागे ठेवून आले.) फ्लुमिनेन्समध्ये गेला, तर चाचणी संपायच्या आत शेवटची गाडी चुकेल म्हणून निघून आला. नोकरीच्या मुलाखतीतून एस.टी.च्या वेळेसाठी उठून जाणारा उमेदवार मी माझ्या सगळ्या हयातीत एकच पाहिला आहे, आणि तो पुढे आमदार झाला. ते असो.

जून १९५३. बोटाफोगो क्लबच्या एका खेळाडूनं त्याला गावात खेळताना पाहिलं होतं, त्यानं आग्रह केला म्हणून गारिंचा तिथं चाचणीला गेला. वय एकोणीस. लग्न झालेलं, पदरी मूल. मैदानात त्याच्यासमोर उभं केलं ते निल्टन सांतोसला. हा ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला बचावपटू, त्या काळातला जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. काठावर बसलेल्या मंडळींनी या खेडवळ पोराचे पाय पाहिले असणार आणि आपापसांत डोळे मिचकावले असणार. खेळ सुरू झाला. पोरानं निल्टन सांतोसला चकवलं. पुन्हा चकवलं. मग चेंडू चक्क त्याच्या दोन पायांमधून काढून पुढं निघून गेला. निल्टन सांतोस मोठ्या मनाचा माणूस. चारचौघांत झालेल्या फजितीचा राग न धरता त्यानं क्लबच्या लोकांना सांगितलं की, याला आजच घ्या. पुढच्या काळात हा आपल्याविरुद्ध खेळू नये एवढीच त्याची इच्छा असावी. १९ जुलै १९५३ रोजी बोन्सुसेसो संघाविरुद्ध गारिंचा पहिल्यांदा बोटाफोगोकडून खेळला आणि त्यानं तीन गोल केले.

इथं मला थांबावं लागतं. कारण क्लबच्या त्या टेबलामागे मी बसलो असतो तर काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. तसं मी केलेलं आहे.

१९८८ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फील्ड ऑफिसर होतो. एक तरुण कर्ज मागायला आला. आय.टी.आय. झालेला, विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान टाकायचं होतं. मागणी बारा हजारांची. त्या भागात तेव्हा विजेचा दाब सतत खालीवर होई आणि मोटारी धडाधड जळत, म्हणजे धंद्याला मरण नव्हतं. त्याचा एक पाय पोलिओनं गेलेला होता. मी त्याला केबिनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. का सांगितलं? मोटर रिवाइंडिंग बसून करायचं काम आहे, हे मला कळत होतं. तरी सांगितलं. तो चालला. मग मी शेरा लिहिला की अर्जदाराच्या शारीरिक मर्यादा पाहता परतफेडीची शाश्वती वाटत नाही. शाखाधिकाऱ्यांनी खाली सही केली. त्यानं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि मला नमस्कार करून गेला.

त्यानं पैसे गावातल्या सावकाराकडून उचलले, शेकडा पाच महिन्याला. हे मला १९९६ साली त्या गावी एका लग्नाला गेलो तेव्हा समजलं. दुकान चालू होतं, हाताखाली तीन पोरं. त्यानं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. व्याजाचा आकडा बोलता बोलता त्यानंच सांगितला, कसलाही रोख न ठेवता. मी चहा प्यायलो.

पायांकडे बघून जे कळतं ते खोटं नसतं, एवढं मात्र आमच्यासारख्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. वाकड्या पायाच्या गुडघ्यावर भार सारखा पडत नाही, एका बाजूची कूर्चा लवकर झिजते. कुणाही डॉक्टरनं १९५३ साली हे लिहून दिलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं. फक्त त्याच पायांनी आणखी काय होतं, ते त्या कागदावर लिहायला रकाना नव्हता. बचावपटू समोरच्याच्या अंगाच्या कलावरून तो कुठं वळणार ते ताडतो. गारिंचाचं अंग उभं असतानाच एका बाजूला कललेलं. मग ताडायचं कशावरून? गंमत अशी की तो जवळजवळ नेहमी उजवीकडूनच निघायचा. समोरच्याला माहीत, पंचांना माहीत, तिकीट काढून बसलेल्या शेवटच्या माणसाला माहीत. तो थांबायचा, अंगाला एक झोका द्यायचा, समोरचा डावीकडे जायचा आणि हा उजवीकडून पसार. कधी कधी नुसतंच अंग हलवायचा आणि चेंडू जागेवरच ठेवायचा. बचावपटू चेंडूशिवाय धावत सुटायचा आणि मैदान हास्यात बुडायचं. फिती कृष्णधवल आहेत, धूसर आहेत, तरी मी माझ्या नातवाला दाखवल्या तेव्हा तो खो खो हसला. सर्कशीतला विदूषक बघून मुलं हसतात तसं. खेळात असं हसू फार क्वचित येतं.

१९५८ साली ब्राझीलचा संघ विश्वचषकासाठी स्वीडनला निघाला तो डॉक्टरांच्या पलटणीसह. आधीच्या दोन स्पर्धांत पदरी निराशा आलेली, त्यामुळे या वेळी सगळं शास्त्रशुद्ध करायचं ठरलं होतं. खेळाडूंची रक्तं तपासली, किडके दात उपटले. सोबत जुआंव कार्व्हालाएस नावाचे मानसशास्त्रज्ञही होते. बसचालकांच्या चाचण्या घेण्याचा त्यांचा अनुभव. त्यांनी खेळाडूंना प्रश्न दिले, चित्रं काढायला लावली. गारिंचाला १२३ पैकी ३८ गुण मिळाले. एवढ्या गुणांत शहरात बससुद्धा चालवता आली नसती. सतरा वर्षांच्या पेलेविषयी शेरा असा की, हा अजून पोरकट आहे. त्यात पेलेचा गुडघा दुखावलेला. म्हणजे कागदावर पाहायचं तर एक लंगडा, एक मंद आणि एक पोर, आणि त्यांतले दोन एकाच माणसात. स्पर्धेआधी इटलीत फिओरेंतिनाविरुद्ध झालेल्या सामन्यात गारिंचानं गोलरक्षकालाही चकवल्यावर, गोल मोकळा असताना, आणखी एकाला चकवण्याची हौस भागवून घेतली. प्रशिक्षक मंडळींना हे बेजबाबदारपणाचं वाटलं. पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवलं.

तिसरा सामना १५ जूनला गोथेनबर्गला, सोव्हिएत संघाशी. गोलात लेव याशिन. प्रशिक्षक व्हिसेन्ते फिओला यांनी शेवटी कागद बाजूला ठेवले आणि गारिंचा, पेले दोघांनाही उतरवलं. पहिल्याच मिनिटात गारिंचाचा फटका खांबावर आदळला. लगेच पेलेचा चौकटीवर. तिसऱ्या मिनिटाला वावानं गोल केला. फुटबॉलवर लिहिणारी जाणती माणसं त्या तीन मिनिटांची अजून आठवण काढतात. सामना २-० असा जिंकला. २९ जूनच्या अंतिम सामन्यात स्वीडननं आधी गोल केला, तर गारिंचानं उजव्या कडेनं दोनदा सारखाच धावा करून दोनदा सारखाच चेंडू मध्ये दिला आणि वावानं दोन्ही गोल केले. ५-२. पहिल्यांदाच विश्वचषक ब्राझीलला गेला. पेले आणि गारिंचा एकत्र खेळले तो एकही सामना ब्राझील पुढं कधी हरला नाही.

१९६२ ची चिलीतली स्पर्धा तर एकट्या गारिंचाची म्हणतात. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी होऊन बाहेर. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध याचे दोन गोल, त्यातला एक डोक्यानं. उंची पाच फूट सहा-सात इंच, आणि उडी मारली ती धिप्पाड इंग्रजांमध्ये. त्या सामन्यात एक कुत्रं मैदानात शिरलं. त्यानं गारिंचालाही चकवलं, शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजनं चार पायांवर रांगत त्याला पकडलं. ते कुत्रं पुढं गारिंचा आपल्या घरी घेऊन गेला. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध पुन्हा दोन गोल. सतत लाथा खाऊन शेवटी त्यानंही एक लगावली आणि पंचांनी बाहेर काढलं. शिस्त समितीनं माफ केलं, म्हणून अंतिम सामना खेळायला मिळाला. खेळला तो अंगात ताप असताना. चेकोस्लोव्हाकियाला ३-१ नं हरवून चषक पुन्हा ब्राझीलकडे. त्याच डिसेंबरात रिओच्या अजिंक्यपदासाठी फ्लामेंगोविरुद्ध बोटाफोगोनं ३-० असा विजय मिळवला, तोही त्याच्याच जोरावर.

गुडघा तोवर बोलायला लागला होता. इंजेक्शन हा प्रकार इथं समजून घ्यायला हवा. सांध्यातली कूर्चा फाटली की सूज येते, पाणी साचतं, दुखतं. दुखणं हा शरीराचा वॉचमन. इंजेक्शन देऊन वॉचमनला झोपवलं की खेळाडू पळू शकतो, आणि तेवढ्या वेळात आतली मोडतोड दुप्पट होते. बोटाफोगोचा संघ युरोप, दक्षिण अमेरिका असे दौरे करायचा. गारिंचा खेळला तर क्लबला एक बिदागी, न खेळला तर कमी, असे करार असत. त्यामुळे तो खेळायचा. शस्त्रक्रिया लांबत गेली. स्वतःच्या पगाराविषयी तो इतका बेफिकीर की कोऱ्या करारावर सही करून द्यायचा, असं सांगतात. मैदानावर जगाला फसवणाऱ्या या माणसाला टेबलापाशी कुणीही फसवावं. शस्त्रक्रिया झाली ती १९६४ साली. वय तिशी ओलांडलेलं, आणि गुडघ्यात वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं.

म्हणजे १९५३ ची जोखीम बोटाफोगोनं घेतली असं म्हणतात, ते मला निम्मंच खरं वाटतं. क्लबला बारा वर्षं भरभरून मिळालं. धोका खरा कोणाच्या खाती पडला?

हे मी क्लबवाल्यांना दोष द्यायला लिहीत नाही. माझ्याच एका खातेदाराचं सांगतो. द्राक्षबागायतदार, पहाडासारखा माणूस, खणखणीत आवाज. त्याला चालून दाखवा म्हणायची वेळ आली नाही. पहिली दोन वर्षं परतफेड चोख. म्हणून त्याची मर्यादा मीच वाढवत नेली, कारण शाखेचं उद्दिष्ट त्याच्यासारख्यांवरच पुरं व्हायचं. मग केवडा रोगानं बाग गेली, पुढच्या वर्षी अवकाळीनं. दर मार्चला आम्ही त्याचं नवं-जुनं करायचो. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी, जुनं कर्ज कागदावर फिटलं असं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं, थोडं मोठं, द्यायचं. खातं थकीत दिसत नाही. माणूसही उभा दिसतो. तो मला थांबा म्हणाला नाही आणि मीही थांबलो नाही. शेवटी चार एकर विकून तो मोकळा झाला. मला त्या वर्षी उत्तम वसुलीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. मी त्याला शेवटी पाहिलं ते तहसील कचेरीच्या आवारात, सातबाऱ्याच्या रांगेत. आवाज पूर्वीइतकाच खणखणीत होता.

१९६६ च्या सुरुवातीला साओ पाउलोच्या कोरिंथियन्स क्लबनं गारिंचाला विकत घेतलं. हे कोडं मला १९५३ पेक्षा अवघड वाटतं. या वेळी पाय वाकडे आहेत हा प्रश्न नव्हता, गुडघा संपला आहे हे सगळ्या ब्राझीलला माहीत होतं. तरी घेतला. नाव होतं, गर्दी होती, आणि एखाद्या दिवशी तो पूर्वीसारखा खेळेलही, ही आशा होती. मोजके सामने तो खेळला, गोल दोन. राष्ट्रीय संघानंही त्याच आशेवर त्याला त्या वर्षी इंग्लंडला नेलं. लिव्हरपूलमध्ये बल्गेरियाविरुद्ध त्यानं फ्री किकवर एक सुरेख गोल केला. तीन दिवसांनी, १५ जुलैला, हंगेरीविरुद्ध ब्राझील १-३ असं हरलं. ब्राझीलच्या पिवळ्या सदऱ्यात गारिंचानं हरलेला तो एकमेव सामना, आणि तोच शेवटचा. पुढं फ्लामेंगो, मग ओलारिया, अशी दोनतीन क्लबांची दारं. प्रत्येक ठिकाणी एकदा पोस्टरवर नाव आणि मग पायाला बांधलेलं बँडेज.

दारू घरात बापापासूनची. आमारो १९५९ साली यकृताच्या कर्करोगानं गेला. मुलानं त्यातून काही धडा घेतला नाही. पहिल्या बायकोपासून आठ मुली, इतर संबंधांतून आणखी मुलं, एक मुलगा तर स्वीडनमध्ये. सगळी मिळून निदान चौदा. एल्झा सोआरेस ही तिथली नामांकित सांबा गायिका. गरीब वस्तीतून आलेली, कोवळ्या वयात लग्न आणि वैधव्य भोगलेली. गारिंचा बायकामुलांना सोडून तिच्याकडे गेला तेव्हा लोकांनी सगळा राग तिच्यावर काढला. याच्या गुडघ्याचं, याच्या दारूचं, याच्या खेळाचं खापर तिच्या माथी. वास्तविक त्याला गुत्त्यागुत्त्यातून शोधून घरी आणायची ती तीच. एप्रिल १९६९ मध्ये तो स्वतः गाडी चालवत असताना अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. त्यानंतर तो मनानं पार खचला. काही काळ दोघं रोमला जाऊन राहिली. तो तिला मारहाण करू लागला, आणि १९७७ साली ती वेगळी झाली. इथं खेळाडूची थोरवी आड आणून सारवासारव करण्यात अर्थ नाही. मैदानावर सगळ्यांना हसवणारा माणूस घरात असा होता.

१९ डिसेंबर १९७३ रोजी माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला. सव्वा लाखाहून अधिक माणसं तिकीट काढून आली. मिळालेले पैसे टिकले नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा या सांबा पथकानं त्याला सजवलेल्या रथावर बसवून मिरवलं. त्याचं छायाचित्र आहे. खाली सगळं शहर नाचतंय आणि वर हा बसलाय, शून्यात बघत, हात कुणीतरी उचलून ठेवल्यासारखे. ते चित्र मला दुसऱ्यांदा बघवलं नाही.

आज परिस्थिती बदलली आहे म्हणतात, आणि ती बदलली आहेच. कुठलाही मोठा क्लब सही करण्याआधी खेळाडूचा गुडघा यंत्रात घालतो, हृदयाचे आलेख काढतो. १९९६ मध्ये नायजेरियाच्या कानूला इटलीच्या इंटर मिलान क्लबनं घेतलं आणि तपासणीत हृदयाची झडप सदोष निघाली. शस्त्रक्रिया करून तो १९९७ मध्ये परतला, नंतर इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं खेळला. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये भर सामन्यात कोसळला, हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच त्याला परत आणलं, छातीत धक्का देणारं छोटं यंत्र बसवलं. असं यंत्र असलेल्याला इटलीत खेळायची परवानगी नाही, म्हणून त्याचा तिथला करार संपवण्यात आला. इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड या लहानशा क्लबनं जानेवारी २०२२ मध्ये त्याला घेतलं. त्या वेळी घरोघरी वाद झाले. माझा जावई म्हणाला की हा वेडेपणा आहे, मुलगी म्हणाली की त्याचं आयुष्य त्याला ठरवू द्या. मला मात्र या प्रकरणात एक गोष्ट आवडली. सही होण्याआधी त्याला सगळं नीट सांगितलं गेलं होतं, यंत्र काय करेल, काय करणार नाही. उमेदवाराला नुसतं चालवून पाहण्यापेक्षा हे निराळं. गारिंचाला इंजेक्शन देताना सुई कशाची आहे हे कुणी इतक्या सविस्तर सांगितलं असेल का?

२० जानेवारी १९८३ रोजी रिओच्या एका रुग्णालयात तो गेला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. यकृत संपलं होतं. मी त्याच्या आधी वर्षभर बँकेत लागलो होतो. त्या दिवशी बहुधा मी कुठल्यातरी लेजरवर मान मोडून बसलो असेन, आणि हे नाव माझ्या कानांवर आलेलं नव्हतं. शव माराकानावर नेलं, पेटीवर बोटाफोगोचा झेंडा घातला. तिथून गावाकडे निघालेली अंत्ययात्रा रस्त्यांवरच्या गर्दीनं तुंबून गेली. ज्या रेल्वेगाडीसाठी तो फ्लुमिनेन्सची चाचणी सोडून पळाला होता, त्याच वाटेनं. ब्राझिलिया या राजधानीतल्या भव्य स्टेडियमला आता त्याचं नाव आहे. त्याच्या गावाजवळच्या दफनभूमीत मात्र २०१७ साली असं आढळलं की त्याचे अवशेष नेमके कुठं आहेत, हे कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. कधीतरी हलवले गेले आणि नोंद राहिली नाही.

एल्झा सोआरेस पुढं चाळीस वर्षं गात राहिली. म्हातारपणी तर तिला तरुण श्रोत्यांची नवी पिढी लाभली. ज्या बाईनं त्याचं वाटोळं केलं म्हणून दगड खाल्ले, तिच्या गाण्यांना देशानं डोक्यावर घेतलं. ती गेली एक्क्याण्णवाव्या वर्षी, २०२२ मध्ये. तारीख २० जानेवारी.